शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांचे काय?

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे शल्यविशारदाने बाहेर येऊन सांगितले की रुग्णाचे नातेवाईक हात जोडतात, गावाकडे फोन जातात, देवापुढे नारळ फुटतो आणि आजारपणाचा अध्याय संपला असे सर्वजण धरून चालतात. अपेंडिक्स वा हर्निया यांसारख्या विकारांच्या बाबतीत हा समज बहुतांशी खराही ठरतो. परंतु काही शस्त्रक्रिया अशा असतात की, त्यांच्या यशाचा निर्णय शस्त्रक्रियागृहात लागत नाही. तो पुढच्या पंधरवड्यात, पुढच्या वर्षात आणि पुष्कळदा रुग्णाच्या उरलेल्या सर्व आयुष्यात लागत असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका अथवा पिट्युइटरी ग्रंथीवरील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया ही या प्रकारची आहे. तिच्या निमित्ताने आपल्या आरोग्यव्यवस्थेतील एका उणिवेकडे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार इतकाच की, दोन वर्षांपूर्वी ही शस्त्रक्रिया माझ्यावर झाली आणि तिच्यानंतरच्या काळात कोणती मदत मिळते, कोणती मिळत नाही आणि कोणती केवळ योगायोगाने मिळते, हे मला जवळून पाहावे लागले. व्यक्तिगत दुखणे वृत्तपत्रात मांडण्याचा संकोच वाटतो. परंतु जे माझ्या वाट्याला आले त्यात वैयक्तिक असे फारच थोडे होते, याची जसजशी खात्री पटत गेली तसतसा तो संकोच कमी झाला.

ग्रंथी आणि गाठ

पीयूषिका ग्रंथी आकाराने वाटाण्याएवढी आणि वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम असते. कवटीच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत ती बसलेली असते. या खोबणीचा आकार खोगिरासारखा असल्याने शरीररचनाशास्त्रज्ञांनी तिला ‘तुर्की खोगीर’ असे नाव दिले. ग्रंथी एवढीशी असली तरी तिच्याकडचा कारभार मोठा आहे. थायरॉइड ग्रंथी, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि जननग्रंथी यांना आज्ञा देणारी संप्रेरके येथून निघतात. शरीराच्या वाढीचे संप्रेरक येथे तयार होते, आणि शरीरातील पाणी किती राखावे हे मूत्रपिंडांना सांगणारे संप्रेरकही येथूनच रक्तात सोडले जाते. या ग्रंथीवर येणाऱ्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, आणि त्या अगदी दुर्मीळही नाहीत. कवटीच्या आतील एकूण गाठींपैकी सुमारे १० ते १५ टक्के गाठी पीयूषिकेच्या असतात. गाठ वाढली की वरच्या बाजूला एकमेकींना छेदणाऱ्या दृष्टीच्या नसांवर तिचा दाब पडतो आणि दोन्ही डोळ्यांचे बाहेरच्या बाजूचे दृश्य हळूहळू नाहीसे होते.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. वर्गात पहिल्या बाकाच्या दोन्ही टोकांना बसलेले विद्यार्थी मला दिसेनासे झाले. वर केलेला हात दिसला नाही म्हणून एका विद्यार्थिनीने ‘सर मुद्दाम दुर्लक्ष करतात’ अशी तक्रारही केली. दोनदा चष्मा बदलून झाला. अखेर एका नेत्रतज्ज्ञाने डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची तपासणी केली, त्यानंतर एमआरआय झाला आणि अडीच सेंटिमीटरची गाठ उघडकीस आली. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात नाकावाटे दुर्बिणीच्या साह्याने ती काढण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर पडल्या पडल्या मला वॉर्डाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकाच वेळी दिसल्या. त्या शल्यविशारदांचे ऋण शब्दांत सांगता येणार नाही, आणि पुढे जे लिहीत आहे ते त्यांच्याविरुद्ध नाही.

नाकाच्या मार्गाने या ग्रंथीपर्यंत पोहोचण्याची पहिली शस्त्रक्रिया हर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे केली. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी ती नावारूपाला आणली. १९६० च्या दशकात माँट्रियलचे ज्यूल हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली आणि १९९० च्या दशकात दुर्बीण आली. हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु याच्या जोडीला दुसराही एक इतिहास आहे, तो क्वचितच सांगितला जातो. गाठ काढली तरी ग्रंथीचे काम बंद पडले असेल तर अधिवृक्क ग्रंथींना आज्ञा मिळत नाही, कॉर्टिसोल हे जीवनावश्यक संप्रेरक तयार होत नाही आणि साध्या तापातही रुग्ण दगावू शकतो. हे संप्रेरक बाहेरून देण्याची सोय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. एडवर्ड केंडल, टाडेउश राइखश्टाइन आणि फिलिप हेंच यांना अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनाबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यानंतरच्या वर्षांत ही औषधे गोळीच्या रूपाने रुग्णाच्या हाती आली. म्हणजे हा रुग्ण वाचतो तो दोन शोधांमुळे. एक शोध शल्यविशारदाच्या हातात आहे, दुसरा औषधाच्या दुकानात. आपण पहिल्याची व्यवस्था केली आणि दुसरा रुग्णाच्या नशिबावर सोडला.

आठवा दिवस

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी मला घरी पाठविण्यात आले. सोबतच्या कागदावर गोळ्यांची नावे आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख होती. शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, नाक शिंकरू नये, वाकू नये, जड वस्तू उचलू नये, शौचास कुंथू नये, आणि नाकातून वा घशात पाण्यासारखा खारट स्राव येऊ लागल्यास ताबडतोब परत यावे, या सूचना एका निवासी डॉक्टरांनी तोंडी दिल्या होत्या. यांतील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची होय. असा स्राव मेंदूभोवतीच्या द्रवाचा असू शकतो आणि त्या वाटेने जंतुसंसर्ग होऊन मेंदूच्या आवरणांना सूज येऊ शकते. मात्र एक गोष्ट सांगावयाची राहून गेली होती.

पाण्याचे नियमन करणारे संप्रेरक शस्त्रक्रियेच्या धक्क्याने काही काळ कमी पडू शकते. तसे झाले की रुग्णाला न शमणारी तहान लागते आणि वारंवार पातळ लघवी होते. ही अवस्था बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच, म्हणजे रुग्ण रुग्णालयात असतानाच लक्षात येते. याच्या नेमकी उलट अवस्थाही येऊ शकते. चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास हे संप्रेरक गरजेपेक्षा अधिक सुटते, शरीरात पाणी साठते आणि रक्तातील सोडियम उतरते. तोवर रुग्ण घरी पोहोचलेला असतो. म्हणूनच अनेक केंद्रांत सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियमची तपासणी करण्याचा प्रघात आहे, आणि काही ठिकाणी पहिले काही दिवस पाणीही मोजून प्यावयास सांगतात.

माझ्या घरी मात्र ‘ऑपरेशन झाले आहे, भरपूर पाणी प्या’ असा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा प्रेमळ आग्रह होता आणि मी तो मानीत होतो. आठव्या दिवशी डोके ठणकू लागले, मळमळ सुरू झाली आणि दुपारी मी पत्नीला भलत्याच नावाने हाक मारली. शेजाऱ्यांनी थकवा म्हणून झोपू द्यावयास सांगितले. पत्नीने तसे केले नाही, याचे कारण वॉर्डातील एका रुग्णाच्या बहिणीचे शब्द तिच्या लक्षात राहिले होते : ‘वहिनी, घरी गेल्यावर आठवड्याने सोडियम बघून घ्या. आमच्या भावाला मागच्या खेपेला यानेच परत आणावं लागलं होतं.’ आमच्या तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेने दोन तासांत आकडा दिला. तो १३५ ते १४५ च्या दरम्यान असावयास हवा होता, माझा ११८ होता. जिल्ह्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभागात चार दिवस राहून तो सावकाश वर आणण्यात आला. सावकाश अशासाठी की, सोडियम घाईने वाढविले तर मेंदूलाच इजा होते.

या प्रसंगाचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे. सोडियमच्या तपासणीला चारशे रुपयांहून कमी खर्च आला. ती वेळीच झाली असती तर अतिदक्षता विभागातील चार दिवस टळले असते. आणि ती मुळीच झाली नसती तर काही लाखांची ती शस्त्रक्रिया, तिच्यासाठी खर्ची पडलेले कौशल्य आणि एक मनुष्य, हे सारेच वाया गेले असते. जी माहिती रुग्णालयाने द्यावयाची ती एका अनोळखी स्त्रीने स्वतःच्या अनुभवातून दिली. त्या बाईंची आणि माझ्या पत्नीची खाट शेजारी पडली नसती तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेने द्यावयास हवे.

तूट आणि फुगवटा

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत सकाळी आठ वाजताच्या रक्तात कॉर्टिसोल फारच कमी आढळले आणि थायरॉइडचे संप्रेरकही उतरलेले दिसले. तेव्हापासून मी रोज हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन यांच्या गोळ्या घेतो व बहुधा जन्मभर घ्याव्या लागतील. येथे आपल्या समाजातील एक दृढ समज आडवा येतो. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आहे असे कळताच माझ्या एका हितचिंतकांनी ते ताबडतोब बंद करण्याचा सल्ला दिला, दुसऱ्यांनी एका वैद्यबुवांचा पत्ता दिला. स्टेरॉइडांचा गैरवापर आपल्याकडे पुष्कळ होतो आणि त्यांची भीती सर्वस्वी निराधार नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद सहज कळावा. अर्थव्यवस्थेत गरजेहून अधिक चलन ओतले तर फुगवटा होतो. मात्र व्यवहाराला लागणारे किमान चलनच नसेल तर तेवढे पुरविणे याला फुगवटा म्हणत नाहीत. शरीर स्वतः जेवढे कॉर्टिसोल बनविते साधारण तेवढेच, म्हणजे बहुतेक प्रौढांत दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिले जाते. ही तूट भरून काढणे आहे. ती भरणे एकाएकी थांबविले तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते.

निरोगी शरीर ताप, अपघात वा शस्त्रक्रिया यांच्या वेळी कॉर्टिसोल आपोआप अधिक तयार करते. आम्हा रुग्णांना ते काम हाताने करावे लागते. ताप आला की गोळीची मात्रा दुप्पट वा तिप्पट करावयाची, आणि उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन विनाविलंब घ्यावयाचे, असा नियम आहे. तो रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना पाढ्यासारखा पाठ असावा लागतो.

वैद्यकीय मदत मागावयाची तर ती कोणाकडे, हाही प्रश्न आहे. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी आपला नेहमीचा डॉक्टर असतो. माझ्या डॉक्टरांनी आस्थेने माझे रक्त तपासले आणि टीएसएचचा आकडा अगदी कमी पाहून थायरॉइडची गोळी निम्मी करावयास सांगितले. सामान्य थायरॉइड रुग्णाच्या बाबतीत ते बरोबर ठरले असते. पण टीएसएच हे पीयूषिकेचेच संप्रेरक. पीयूषिकाच निकामी झालेल्या रुग्णात ते कमीच असणार. त्याच्या बाबतीत टीएसएचवर विसंबून चालत नाही, रक्तातील मुक्त थायरॉक्सिन म्हणजे फ्री टी-फोर मोजावे लागते. हे मी मुंबईच्या तज्ज्ञांकडून ऐकले होते म्हणून संकोचत सांगितले, आणि डॉक्टरांनी मोठ्या मनाने ते तपासून पाहिले व मान्य केले. ज्या रुग्णाला हे ठाऊक नाही, अथवा ठाऊक असूनही डॉक्टरांसमोर बोलण्याचे धैर्य नाही, त्याची गोळी निम्मी होते आणि तो महिनोन्‌महिने गारठत, सुस्तावत राहतो.

बरा दिसणारा रुग्ण

या आजाराची आणखी एक अडचण आहे. शस्त्रक्रिया नाकावाटे झालेली असल्याने अंगावर कोठे टाका दिसत नाही. दोन महिन्यांनी मी कॉलेजात रुजू झालो तेव्हा ‘सर, तुम्ही तर ठणठणीत दिसता’ असे सर्वांनी कौतुकाने म्हटले. दुपारच्या तासापर्यंत मला खुर्चीचा आधार लागत असे, हे मात्र सांगूनही पटत नसे. माझी नोकरी पगारी रजेची आहे, म्हणून माझे निभावले.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीच्या रांगेत बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड कामगार स्त्री भेटली. तिची शस्त्रक्रिया माझ्याच आठवड्यात झाली होती. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जावयाचे होते. ‘मोळी डोक्यावर कधीपासून उचलू?’ एवढाच तिचा डॉक्टरांना प्रश्न होता. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले, गोळ्या लिहून दिल्या, उलट्या झाल्या तर दवाखान्यात जा असे बजावले. तिने मान डोलावली. फडावरच्या कोपीत ताप आला तर ती कोणत्या दवाखान्यात जाणार आणि तेथे काय सांगणार, हा प्रश्न मात्र रांगेतच राहिला. तिचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नाही. तिच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयालाही ते ठाऊक असण्याची शक्यता कमीच आहे.

मिठाचे उदाहरण

मागणीची लवचीकता शिकविताना आम्ही मिठाचे उदाहरण देतो. किंमत दुप्पट झाली तरी माणूस मीठ तेवढेच घेतो, कारण त्यावाचून भागत नाही. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी हे त्याहून चपखल उदाहरण आहे. अशा वस्तूचा व्यापार केवळ बाजारावर सोपविला तर काय होते, याचा धडा ब्रिटनने दिला आहे. तेथे १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या एका पाकिटाला सरकारी आरोग्यसेवा २००८ मध्ये ७० पेन्स देत होती. पुढे ते औषध मूळ व्यापारी नावाखाली विकणे बंद झाले, त्यामुळे ते किंमतनियंत्रणाच्या कक्षेतून बाहेर पडले आणि २०१६ च्या मार्चपर्यंत त्याच पाकिटाची किंमत ८८ पौंडांवर गेली. आरोग्यसेवेचा या एका औषधावरील वार्षिक खर्च सुमारे ५ लाख पौंडांवरून ८ कोटी पौंडांच्या पुढे गेला. तेथील स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये संबंधित कंपन्यांना २६ कोटी पौंडांहून अधिक दंड ठोठावला आणि त्यावर पुढे अपिलेही झाली.

आपल्याकडे दुखणे उलट बाजूचे आहे. औषध महाग नाही. माझ्या घरात महिन्याच्या गोळ्यांना जो खर्च येतो तो महिन्याच्या दुधाच्या खर्चाहून कमी आहे. परंतु गिऱ्हाईक तुरळक आणि नफा किरकोळ, म्हणून लहान गावातील दुकानदार ते ठेवीत नाही. ‘सर, तुमच्या एकट्यासाठी मागवतो, पण पेटी मुदतीत संपत नाही,’ असे आमच्या औषधविक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले. दोष त्याचा नाही. ज्या वस्तूची मागणी थोडी पण अटळ आहे, तिचा पुरवठा नफ्याच्या प्रेरणेने भरवशाचा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांचा समावेश आहे. जी वस्तू अत्यावश्यक आहे आणि बाजार जी नियमित पुरवीत नाही, ती पुरविणे हे शासनाचे काम होय, हे लोककल्याणाच्या अर्थशास्त्राचे पहिल्या वर्षाचे सूत्र आहे.

एक चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात मला जुलाब-उलट्यांचा त्रास झाला. गोळी टिकेना, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. जवळच्या रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी सलाईन लावले, परंतु इंजेक्शनचे नाव काढताच ते थबकले. जुलाबाच्या रुग्णाला स्टेरॉइड कशासाठी, ही त्यांची शंका त्यांच्या दृष्टीने रास्तच होती. माझ्या पाकिटात तज्ज्ञांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली चार ओळींची चिठ्ठी होती. ती वाचल्यावर दोन मिनिटांत इंजेक्शन मिळाले आणि तासाभरात मी उठून बसलो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे इंजेक्शन दमा आणि अ‍ॅलर्जी यांसाठी बहुतेक रुग्णालयांच्या तातडीच्या ट्रेमध्ये ठेवलेलेच असते. औषध हाताशी होते, उणीव माहितीची होती आणि ती एका चिठ्ठीने भरून निघाली.

श्रीमंत देशांतही हीच उणीव जीव घेते. लंडनमध्ये २००९ साली, मेंदूतील गाठीच्या उपचारानंतर पाण्याचे नियमन करणारे संप्रेरक गमावलेला एक तरुण रुग्ण दुसऱ्याच शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाला. त्याचे नेहमीचे औषध त्याला दिले गेले नाही आणि भरल्या रुग्णालयात तो शरीरातील पाणी आटून मरण पावला. या विकाराचे जुने नाव ‘डायबेटिस इन्सिपिडस’. नावातील पहिल्या शब्दामुळे त्याची मधुमेहाशी गल्लत होते. आपल्याकडेही नातेवाईक अशा रुग्णाची साखर बंद करतात आणि औषधाकडे दुर्लक्ष करतात. ही गल्लत टाळण्यासाठी २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हे नावच बदलून ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ असे करण्याचे सुचविले. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१६ मध्ये हे औषध चुकविण्यातील धोक्याबद्दल सर्व रुग्णालयांना इशारा दिला आणि २०२० मध्ये कॉर्टिसोलच्या रुग्णांसाठी खिशात बाळगण्याचे ‘स्टेरॉइड इमर्जन्सी कार्ड’ सर्वत्र लागू केले. म्हणजे जी चिठ्ठी मला एका तज्ज्ञांच्या सौजन्याने मिळाली ती तेथे व्यवस्थेचा भाग झाली.

खर्च आणि तरतूद

आपल्या देशात शस्त्रक्रियेच्या खर्चाची तरतूद गेल्या दीड दशकात बरीच झाली, हे मान्य करावयास हवे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली व तिने कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण दिले. या योजनांनी असंख्य कुटुंबांना सावकाराच्या दारातून वाचविले आहे. परंतु त्यांची रचना मुख्यतः रुग्णालयातील मुक्कामाभोवती आहे. आयुष्मान भारत योजनेत घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधे व तपासण्या येतात. खासगी विम्यात ही मुदत सामान्यतः ६० दिवसांची असते. तीन महिन्यांनंतरचा एमआरआय, पुढे ठरावीक अंतराने होणारे एमआरआय, दृष्टिक्षेत्राच्या तपासण्या, रक्ततपासण्या आणि जन्मभराच्या गोळ्या या मुदतीच्या पलीकडे पडतात. गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून या तपासण्या टाळता येत नाहीत. राज्याच्या योजनेत काही निवडक उपचारांसाठी पाठपुराव्याची तरतूद पूर्वीपासून आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे, प्रश्न त्याची व्याप्ती वाढविण्याचा आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मीही वर्गात घेतला असता. क्षयरोग आणि कुपोषण यांनी ग्रासलेल्या देशाने मूठभर रुग्णांच्या विकारावर साधने का खर्च करावीत? याला दोन उत्तरे आहेत. एक असे की, मोठा खर्च समाजाने आधीच केलेला आहे. तो फळाला येण्यासाठी लागणारा थोडा खर्च नाकारणे म्हणजे विहीर खणून मोट न बसविण्यासारखे आहे. दुसरे असे की, ही माणसे मूठभर नाहीत. पीयूषिका केवळ गाठीमुळे निकामी होत नाही. बाळंतपणातील अतिरक्तस्रावामुळेही ती निकामी होते, हे हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. अशा स्त्रीला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थकवा जात नाही. आपल्या खेड्यांत तिला अशक्त वा आळशी ठरवून वर्षे काढली जातात. तिलाही याच गोळ्या आणि हीच चिठ्ठी लागते. मूत्रपिंडाचे रोपण, हृदयाची कृत्रिम झडप, थायरॉइड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, या सर्वांचे रुग्ण घरी गेल्यानंतर अशाच पोकळीत सापडतात.

काय करता येईल

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. पीयूषिकेच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सोप्या मराठीत छापलेला एक कागद मिळावा. कोणत्या दिवशी कोणता धोका संभवतो, सातव्या दिवशी सोडियम तपासावे, नाकातून पाणी, तीव्र डोकेदुखी, भ्रम, न शमणारी तहान यांपैकी काय दिसले तर थांबू नये, आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करावा, एवढे त्यावर असावे. सोबत मराठी व इंग्रजीत छापलेले तातडीचे कार्ड द्यावे. हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन आणि पाण्याच्या विकारावरील डेस्मोप्रेसिन ही औषधे जिल्हा रुग्णालयांत बारमाही उपलब्ध असावीत, कारण यांतील शेवटचे महागही आहे. तज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत, ते तालुक्यात येऊ शकणार नाहीत. परंतु २०१९ पासून ‘ई-संजीवनी’ ही दूरध्वनिचित्राद्वारे सल्ला देणारी सरकारी सेवा सुरू आहे. तिच्यातून आठवड्यातील एक दिवस या रुग्णांसाठी राखून ठेवता येईल आणि स्थानिक डॉक्टरांनाही तज्ज्ञांशी बोलता येईल. शासकीय विमा योजनांनी शस्त्रक्रियेच्या मोबदल्याचा काही भाग सहा महिन्यांनंतरच्या पाठपुराव्याशी जोडला, तर रुग्ण कोठे आहे याची चौकशी करणे रुग्णालयाच्याही हिताचे ठरेल.

रुग्णांनाही काही करावे लागेल. ब्रिटनमध्ये पीयूषिकेच्या रुग्णांनी १९९४ मध्ये स्वतःची संस्था उभारली आणि माहितीपत्रके, परस्परांना आधार, शासनाकडे पाठपुरावा ही कामे हाती घेतली. आपल्याकडे सहकाराची परंपरा असताना हे अशक्य का असावे? निदान प्रत्येकाने आपले कागद एका ठिकाणी ठेवावे, घरातील एका माणसाला इंजेक्शनचा नियम शिकवावा आणि डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न लिहून न्यावे. मदत मागणे हा कमकुवतपणा आहे ही समजूत सोडून देणे, हा बरे होण्याचाच एक भाग आहे, हे मला उशिरा उमगले.

माझ्या खिशातील चिठ्ठी आता मळली आहे. तिची एक प्रत मी कॉलेजच्या कार्यालयात दिली आहे, दुसरी घरात देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. मला लिहिता-वाचता येते, पगार आहे, विचारण्याचे धाडस आहे, म्हणून माझ्याकडे ती आहे. बीडच्या त्या बाईजवळ ती असणे तितकेच आवश्यक होते. तिच्यावरील शस्त्रक्रियेसाठी शासनाने आपला पैसा खर्च केला तो तिने जगावे म्हणूनच. मग फडावरच्या कोपीपर्यंत ती चिठ्ठी आणि त्या गोळ्या पोहोचविण्याचा खर्च आपल्याला जड का वाटावा?